रस्ता वर गेला, घर तळघर झाले

टॉवरमध्ये तळघर असते ते गाड्या ठेवायला. तिथे पाणी शिरले की पंप लागतो, वॉचमन धावतो, सोसायटीची मीटिंग बसते. आपल्या वस्तीत तळघर कोणी खोदलेले नाही, तरी ते आहे. तळोज्यात एमआयडीसीच्या कडेने वसलेल्या जुन्या वस्त्यांत फिरा. पूर्वी ज्या खोलीत शिरायला एक पायरी चढावी लागत होती, त्याच खोलीत आज दोन पायऱ्या उतरून जावे लागते. खोली खचलेली नाही. समोरचा रस्ता दर खेपेला जुन्या थरावर नवा थर टाकून केला, गल्लीत काँक्रीट झाले, गटाराची भिंत उंच झाली, आणि घर होते तिथेच राहिले. पहिल्या पावसात गल्लीचे पाणी उंबऱ्याला लागते. पाऊस गेला तरी भिंत कमरेपर्यंत ओली राहते.

या ओल्या खोलीतल्या हवेबद्दल आज लिहायचे आहे. आपल्या बायका, म्हातारी माणसे आणि रांगती लेकरे दिवसातले अठरा-वीस तास याच हवेत असतात. बाहेरची हवा खराब असल्याचे सगळे बोलतात. आतल्या हवेबद्दल कोणी बोलत नाही, आणि बोललेच तर बाईला बोल लावतात.

हा बोल आम्ही दवाखान्यात इतक्या वेळा ऐकला आहे की त्याबद्दल आधी लिहितो. लेकरू महिन्यातून दोनदा खोकते, छातीत घरघर होते, आई त्याला घेऊन येते. औषध लिहून मिळते आणि वर ऐकवले जाते, 'घर जरा स्वच्छ ठेवत जा.' ती बाई पहाटे उठून फरशी पुसणारी, भांडी लख्ख ठेवणारी असते. घराला येणारा कुबट वास तिच्या हाताचा नाही, भिंतीचा आहे. आपल्या समाजाला 'घाणेरडे' हा शब्द पिढ्यान्‌पिढ्या चिकटवला गेला. गावातला महारवाडा बहुधा गावाबाहेर, उताराच्या अंगाला असे. गावाचे सांडपाणी जिकडे वाहते तिकडेच आमची घरे, आणि त्या सांडपाण्याचा दोषही आमच्याच माथी. शहरात आलो तरी वस्तीला जागा मिळाली ती नाल्याच्या आणि कारखान्याच्या कडेला. म्हणून आमचे म्हणणे सुरुवातीलाच मांडतो. घराची निगा राखणे आपल्या हातात आहे आणि ती राखलीच पाहिजे. पण ओल कुठून येते हे न पाहता बाईला झाडू दाखवणे म्हणजे आरोग्य शिक्षण नव्हे.

ओलीचा आणि छातीचा संबंध आम्ही मनाने जोडत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये घरातील ओल आणि बुरशी या विषयावर स्वतंत्र मार्गदर्शिका काढली. ओल आणि बुरशी असलेल्या घरात राहणाऱ्यांना खोकला, छातीत घरघर आणि श्वसनमार्गाचे संसर्ग जास्त होतात, दमा बळावतो, असा तिचा निष्कर्ष आहे. बुरशी म्हणजे भिंतीवर नुसता काळा डाग नसतो. तिचे बी धुळीपेक्षाही बारीक असते, हवेत तरंगते आणि श्वासाबरोबर आत जाते. पंधरा दिवस औषध घेऊन बरे झालेले लेकरू पुन्हा त्याच भिंतीला पाठ लावून झोपले, तर औषधाने काय करावे?

आता खिडकीचा प्रश्न. तळोज्यात हा प्रश्न इतर गावांसारखा सोपा नाही. डॉक्टर म्हणतात, हवा खेळती ठेवा. पण रात्री दहानंतर खिडकी उघडली की उग्र वास आत येतो, डोळे चुरचुरतात, घसा धरतो. कळंबोली, नावडे, खारघर, तळोजा, सगळीकडे ही तक्रार वर्षानुवर्षे आहे. कासाडी नदीचे काय झाले हे आपल्या डोळ्यांसमोर आहे. २०१७ च्या ऑगस्टमध्ये तळोज्यातले भटके कुत्रे निळे झाले, तेव्हा त्यांचे फोटो जगभर छापले गेले. नदीत रंग सोडला जात होता, कुत्रे त्या पाण्यात उतरत होते. कुत्रे निळे झाले म्हणून जगाला दिसले. आपली फुप्फुसे कोणत्या रंगाची झाली हे कोणाला दिसत नाही.

तेव्हा लोक खिडकी लावून घेतात. फटीत चिंध्या कोंबतात, कोणी वरून प्लास्टिक ठोकते, आणि मग ती खिडकी वर्षभर उघडत नाही. आम्हाला यात राग येण्यासारखे काही दिसत नाही. वास सहन होत नाही म्हणून माणूस खिडकी लावतो. पण वर्षभर बंद राहिलेली खिडकी आपले रक्षण करत नाही. तिच्यामुळे बाहेरचा वास थोडा अडतो. आतला धूर, भाताची वाफ, कॉईलचा धूर, ओल्या कपड्यांचे पाणी आणि खोकणाऱ्याचा श्वास मात्र सगळे आतच साठते. दहा बाय बाराच्या खोलीत पाच माणसे रात्रभर तीच हवा पुन्हा पुन्हा घेतात.

मग उघडायची की लावायची? याचे उत्तर शोधताना आम्हाला आपल्याच घरातला एक जुना आधार सापडला. विनयपिटकात चुल्लवग्ग नावाचा भाग आहे. भिक्खूंनी राहती जागा कशी सांभाळावी याचे नियम त्यात बारकाईने दिले आहेत. धुळीचा वारा पूर्वेकडून येत असेल तर पूर्वेची खिडकी लावावी, पश्चिमेकडून येत असेल तर पश्चिमेची लावावी. चारही दिशांचे असे सांगितले आहे. थंडीत दिवसा खिडक्या उघड्या आणि रात्री बंद, उन्हाळ्यात दिवसा बंद आणि रात्री उघड्या. आधी छताची जाळी-जळमटे काढावीत, मग खाली यावे. भिंतीला डाग धरला असेल तर फडके भिजवून, पिळून त्याने पुसावी. कच्ची जमीन पाणी शिंपडून झाडावी, म्हणजे धूळ उडून जागा खराब होणार नाही. अंथरूण-पांघरूण उन्हात घालावे, झटकावे आणि मग आत आणावे. त्याच ग्रंथात भिक्खूंच्या अग्निशाळेबद्दलही येते. ती सखल जागेवर होती आणि तिच्यात पाणी शिरत होते, म्हणून तथागतांनी जोते उंच करायला परवानगी दिली. धूर बाहेर जायला धुराडे करायला सांगितले आणि पाणी निघून जायला वाटही.

अडीच हजार वर्षांपूर्वीचा हा विचार आहे. यात मंत्र नाही, तंत्र नाही. वारा कुठून येतो ते बघ आणि मग ठरव, एवढेच आहे. आपण वर्षावासात विहारात बसून ग्रंथवाचन करतो. आषाढ पौर्णिमा ते आश्विन पौर्णिमा हा वर्षावासाचा काळ आणि घरांना ओल धरण्याचा काळ एकच आहे. भिक्खूंच्या निवासाचे हे नियमही त्या काळात वाचले जावेत असे आम्हाला वाटते.

तळोज्यासाठी त्याचा अर्थ असा. वास बहुधा रात्री आणि पहाटे येतो. थंडीत तर वारा पडलेला असतो, थंड हवेचा थर जमिनीलगत बसतो आणि धूर वर जाऊ शकत नाही. त्या वेळी ज्या बाजूने वास येतो तेवढीच खिडकी लावा, विरुद्ध बाजूची फट किंवा झरोका उघडा ठेवा. सकाळी ऊन चढले, वारा सुटला की दोन्ही बाजू उघडा. एकच खिडकी उघडून फारसे साधत नाही. हवेला यायला एक वाट लागते आणि जायला दुसरी. दुसरी खिडकी नसेल तर दाराच्या वर, छताजवळ झरोका पाडून घ्या आणि त्याला जाळी लावा. स्वयंपाक चालू असताना आणि त्यानंतर अर्धा तास बाहेर वास असो-नसो, धूर आणि वाफ जायला वाट हवीच. आणि नाकावर फार विश्वास ठेवू नका. वासाच्या जागी थोडा वेळ राहिले की नाक तो वास सांगायचे सोडते. काही विषारी वायूंना तर वासच नसतो.

आता भिंतीकडे येऊ, कारण सगळ्यात जास्त पैसे भिंतीवर वाया जातात.

भिंतीत पाणी तीन वाटांनी येते. एक जमिनीतून. विटा आणि प्लास्टर दिव्याच्या वातीसारखे पाणी वर ओढतात. ही ओल खालून सुरू होते, साधारण कमरेपर्यंत चढते आणि सुकल्यावर पांढरा खार सोडते. आपल्या बायका त्याला लोणा म्हणतात. दुसरी वाट वरून किंवा बाजूने. फुटलेला पत्रा, पन्हळ नसल्याने भिंतीवर पडणारी धार, शेजाऱ्याच्या मोरीचे गळणारे पाणी. हा डाग वर किंवा मध्येच कुठेतरी असतो आणि पाऊस पडला की वाढतो. तिसरी वाट आतूनच. भात शिजतो, पाणी तापते, दोरीवर कपडे वाळतात, माणसे श्वास सोडतात. दिवसाला काही लिटर पाणी असे हवेत जाते आणि थंड भिंतीवर, कपाटामागे, कोपऱ्यात बसते. तिथेच काळी बुरशी धरते.

कोणती वाट आहे हे ओळखायला एक सोपी परीक्षा आहे. हातभर जाड प्लास्टिकचा तुकडा घ्या, भिंतीचा तेवढा भाग कोरड्या फडक्याने पुसा आणि चारही बाजूंनी चिकटपट्टीने पक्का बंद करा. दोन दिवसांनी बघा. प्लास्टिकच्या आतल्या अंगाला, भिंतीकडे, पाण्याचे थेंब असतील तर ओल भिंतीतून येते. बाहेरच्या अंगाला, खोलीकडे, थेंब असतील तर खोलीतली वाफ कारण आहे. दोन्हीकडे असतील तर दोन्ही. ही परीक्षा झाल्याशिवाय मिस्त्रीला पैसे देऊ नका.

कारण मिस्त्री काय सांगतो हे आम्हाला पाठ झाले आहे. टाइल्स लावा. बचत गटातून कर्ज काढून लोक कमरेपर्यंत टाइल्स लावतात. पहिले वर्ष छान जाते. दुसऱ्या पावसाळ्यात ओल टाइल्सच्या वर दिसू लागते, कारण पाण्याला बाहेर निघायला जागा राहिली नाही, म्हणून ते आणखी वर चढले. आतून ऑइल पेंट मारला तरी तेच. पोपडे येतात आणि खालून बुरशी निघते. आमच्या मते जमिनीतून येणाऱ्या ओलीवर आतून काहीही चोपडणे म्हणजे जखम न धुता पट्टी बांधणे आहे.

काम बाहेरून सुरू करावे लागते. भिंतीला टेकून साठलेली माती, विटांचे तुकडे, जुने सामान आधी हलवा. भिंतीलगतची जमीन आतल्या फरशीपेक्षा वीतभर तरी खाली असावी आणि तिचा उतार भिंतीपासून दूर जावा. पत्र्याला पन्हळ लावा, तिचे पाणी पाइपने थेट गटारात सोडा. नुसती धार पायावर पडत असेल तर बाकी सगळे फुकट. गटार दर आठवड्याला मोकळे आहे का ते बघा. ही कामे फावडे, घमेले आणि दोन माणसांच्या एका रविवारची आहेत.

रस्ता इतका वर गेला असेल की बाहेर उतार काढायला जागाच नाही, तर लोक आत भराव टाकून फरशी उचलतात. ते करावे लागते, पण समजून करा. नुसता डेब्रिजचा भराव आणि त्यावर कोबा केला तर दोन वर्षांत फरशी पुन्हा घाम सोडते. भराव नीट ठोकून त्यावर जाड प्लास्टिक अंथरायचे, जोडावर हातभर एकमेकांवर चढवायचे, भिंतीलगत थोडे वर वळवायचे आणि मग कोबा करायचा. फरशी वर आली की छत खाली येते, खोली तापते आणि खिडकी जमिनीला टेकते. म्हणून भरावाच्या आधीच वरच्या झरोक्याचा विचार करा.

आतली कामे छोटी आहेत. कपाट, पेटी, धान्याचा डबा भिंतीपासून चार बोटे पुढे ओढा. गादी फरशीवर कायम पसरून ठेवू नका, रोज उचला, ऊन मिळेल तेव्हा उन्हात टाका. लेकराला ओल्या भिंतीकडे झोपवू नका. भांड्यावर झाकण ठेवून शिजवा. पावसात कपडे आत वाळवावेच लागतात, त्याला इलाज नाही, पण झोपायच्या जागेवर दोरी नको. पंख्याच्या वाऱ्यात, उघड्या खिडकीजवळ वाळवा. कोकणातल्या भर पावसात नुसती खिडकी उघडून भिंत वाळत नाही हेही खरे आहे. बाहेरची हवाच ओली असते. त्या काळात खिडकी उघडायची ती वाफ आणि धूर जायला. भिंत खरी वाळते ती ऑक्टोबरच्या उन्हात. प्लास्टर किंवा रंगाचे काम करायचे तर ते दिवाळीनंतर, भिंत चांगली सुकू दिल्यावर.

बुरशी काढताना कोरड्या झाडूने किंवा ब्रशने खरवडू नका, त्याने ती सगळ्या खोलीत उडते. नाका-तोंडाला रुमाल बांधा, खिडकी उघडा, साबणाच्या पाण्यात भिजवून पिळलेल्या फडक्याने पुसा, मग कोरड्या फडक्याने पुसून पंखा लावा. दमा असलेल्या माणसाने हे काम करू नये, त्या वेळी घरातही थांबू नये. आणि एक गोष्ट आम्ही ओरडून सांगतो. ब्लीचिंग आणि संडास धुण्याचे ॲसिड कधीही एकत्र करू नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो. बंद मोरीत बाई बेशुद्ध पडू शकते.

छताचे जुने सिमेंटचे पत्रे बहुधा ॲस्बेस्टॉसचे असतात. ते शाबूत असतील तोवर धोका कमी. पण कापले, भोक पाडले, तारेच्या ब्रशने घासले की त्यातले तंतू हवेत जातात आणि फुप्फुसात कायमचे रुततात. पत्रा बदलायचाच असेल तर आधी पाण्याने भिजवा, अख्खा उतरवा, तुकडे करू नका. फुटके तुकडे भरावात टाकून वर कोबा करणारेही आम्ही पाहिले आहेत. ते तुकडे फोडताना उडणारी धूळ घरातल्याच माणसांच्या छातीत जाते.

धुराकडे वळू. गॅस बहुतेकांकडे आला, पण सिलिंडर महाग पडतो म्हणून आंघोळीचे पाणी चुलीवर तापते. चुलीत जाते काय? कंपनीतून आणलेल्या पॅलेटच्या फळ्या, रंगवलेले लाकूड, पुठ्ठे, पेटवायला प्लास्टिक. हे साधे सरपण नाही. रंग, गोंद आणि प्लास्टिक जळून निघणारा धूर लाकडाच्या धुराहून वाईट. चूल पेटवावीच लागत असेल तर साधे, कोरडे लाकूड घ्या आणि चूल उघड्यावर ठेवा. थंडीत शेगडी पेटवून दार-खिडकी लावून झोपणे तर जिवावरचे आहे. कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. माणूस झोपेतच जातो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२० या एका वर्षात घरातल्या चुलीच्या धुराने जगात ३२ लाख माणसे मेली. पुण्याचे डॉ. संदीप साळवी यांनी २००९ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात सहलेखकासह मांडले की विडी-सिगारेट कधी न ओढलेल्यांनाही सीओपीडी, म्हणजे कायमचा दम लागण्याचा आजार, मोठ्या प्रमाणावर होतो, आणि चुलीचा धूर हे त्याचे मोठे कारण आहे. आपल्या आजीला 'म्हातारपणाचा दमा' म्हणून आपण गप्प बसतो. तिने चाळीस वर्षे चूल फुंकली, हा प्रश्न कोणी विचारत नाही.

मच्छर कॉईल. तळोज्यात गटारामुळे मच्छर इतके की संध्याकाळी घराघरात कॉईल पेटते. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले की एक कॉईल जळताना जितके सूक्ष्म कण बाहेर टाकते, तितके ७५ ते १३७ सिगारेटींतून निघतात. दार बंद, खिडकी बंद, उशाला कॉईल, आणि शेजारी सहा महिन्यांचे लेकरू. मच्छरदाणी लावा. खिडकीला जाळी ठोका. डेंग्यूचा मच्छर दिवसा चावतो, त्यासाठी साठवलेल्या पाण्याच्या पिंपांना झाकण घाला आणि आठवड्यातून एकदा ते घासून कोरडे करा.

आणि अगरबत्ती. हे लिहिताना काही ज्येष्ठ उपासक-उपासिका नाराज होतील हे माहीत आहे. अगरबत्तीच्या धुरातही तेच सूक्ष्म कण असतात. एका खोलीच्या घरात सकाळ-संध्याकाळ चार-चार काड्या लागतात आणि त्या खाली पाळण्यात लेकरू असते. वंदनेला पुष्प पुरते, छोटा दीप पुरतो. धूप लावायचाच तर एक काडी, उंबऱ्याबाहेर किंवा खिडकीत. गाथा म्हणायला धूर लागत नाही. विहारातही मोठ्या कार्यक्रमाला शंभर माणसे बसतात, त्यांत दम्याचे पाच-दहा असतात, ते मागे खोकत बसतात आणि संकोचाने बोलत नाहीत. विहार समित्यांनी हे स्वतःहून ठरवले तर घरोघरी सांगणे आम्हाला सोपे जाईल.

ज्या घरातला माणूस केमिकल कंपनीत ठेकेदाराकडे कामाला आहे, तिथे आणखी एक गोष्ट. कामाचे कपडे अंगावर घालून घरात येणे म्हणजे कंपनीची धूळ अंथरुणावर आणणे. कपडे दारातच उतरवा, वेगळ्या पिशवीत ठेवा, लेकरांच्या कपड्यांत मिसळून धुऊ नका. ते न झटकता आधी पाण्यात बुडवा. कंपनीत कपडे बदलायला खोली आणि धुवायला पाणी मागा, ती मेहेरबानी नाही. आणि केमिकलचे निळे ड्रम पाणी भरायला घरात आणू नका. कितीही धुतले तरी प्लास्टिकमध्ये मुरलेले जात नाही. आत काय होते हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसते.

दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर थुंकी तपासून घ्या. तपासणी आणि टीबीचे औषध सरकारी केंद्रात मोफत आहे, आणि निक्षय पोषण योजनेत उपचार चालू असेपर्यंत महिन्याला १००० रुपये खात्यात येतात. टीबी अंधाऱ्या, कोंदट खोलीत सोपेपणाने पसरतो. घरातल्या पेशंटला कोपऱ्यात, पडद्यामागे ठेवतात. उलट त्याची जागा खिडकीजवळ हवी. दम्याच्या पंपाबद्दलही एक भीती घट्ट बसली आहे की त्याची सवय लागते. सवय लागत नाही. पंपातले औषध थेट फुप्फुसात जाते आणि गोळीपेक्षा कमी मात्रेत काम करते. डॉक्टरांनी लिहून दिला असेल तर मनाने बंद करू नका.

इथवर आपल्या हातातले झाले. पण हा लेख इथेच थांबवला तर आम्हीही त्या बाईच्या हातात झाडूच दिला असे होईल.

रस्ता वर चढवला तो आपण नाही. जुना थर खरवडून काढायचा आणि मगच नवा टाकायचा, म्हणजे पातळी वाढत नाही. ठेकेदाराला ते महाग पडते, म्हणून तो वरच ओततो. पुढच्या वेळी गल्लीत काँक्रीटची गाडी येईल तेव्हा ती येण्याच्या आधी अर्ज गेला पाहिजे की घरांच्या जोत्याची पातळी मोजा, रस्ता त्याच्या खाली ठेवा, गटार आधी करा. पनवेल महानगरपालिका १ ऑक्टोबर २०१६ ला झाली. त्याआधी सिडको म्हणायची ग्रामपंचायतीकडे जा आणि एमआयडीसी म्हणायची सिडकोकडे जा. आजही एका दारातून दुसऱ्या दारात पाठवणे संपलेले नाही. म्हणून अर्ज तिन्ही ठिकाणी द्यावा आणि प्रत्येक प्रतीवर शिक्का घ्यावा. तोंडी सांगितलेले कार्यालयात उरत नाही.

वासाचेही तेच. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची हवा मोजणारी केंद्रे तोंडरे-तळोजा आणि कळंबोली इथे आहेत. त्यांचे आकडे केंद्रीय मंडळाच्या 'समीर' ॲपवर मोबाइलमध्ये दिसतात. आपल्या देशाच्या नियमाप्रमाणे सूक्ष्म कण चोवीस तासांच्या सरासरीने घनमीटरला ६० मायक्रोग्रॅमपर्यंत चालतात. जागतिक आरोग्य संघटना १५ म्हणते. म्हणजे ॲपवर 'समाधानकारक' दिसले तरी लेकराच्या छातीला ते समाधानकारक असेलच असे नाही. शिवाय ही यंत्रे रासायनिक वायूंच्या दर्पाची नोंद ठेवत नाहीत. ती नोंद आपल्यालाच ठेवावी लागेल. एक वही करा. तारीख, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत, वारा कुठून होता, वास कशासारखा, घरात कोणाला काय त्रास झाला. 'आमच्याकडे नेहमी वास येतो' असा अर्ज कपाटात जातो. दोन महिन्यांच्या तारखा, वेळा आणि वीस घरांच्या सह्या असलेली वही बेलापूरच्या रायगड भवनात मंडळाच्या टेबलावर ठेवली, तर ती इतक्या सहज बाजूला सारता येत नाही. हवेचा कायदा १९८१ पासून आहे. स्वच्छ पाणी आणि हवा हा जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये म्हटले आहे.

आपण ज्या रायगड जिल्ह्यात राहतो, त्याच जिल्ह्यातल्या महाडला २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. तो जिल्हा तेव्हा कुलाबा म्हणून ओळखला जाई. पाणी सार्वजनिक होते, नगरपालिकेचा ठराव होता, तरी ते प्यायला चालत जावे लागले. बाबासाहेब स्वतः परळच्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत वर्षानुवर्षे राहिले. मुंबईत १८९६ ला प्लेग आला, त्यानंतर १८९८ मध्ये हा ट्रस्ट निघाला तो वस्त्यांना उजेड आणि हवा मिळावी म्हणून. उजेड आणि हवा ही सरकारची जबाबदारी आहे हे सव्वाशे वर्षांपूर्वी इंग्रजांनाही मान्य करावे लागले होते. बाबासाहेब आणि रमाई यांची चार लेकरे लहानपणीच गेली. ती का गेली याची कारणे आम्ही इथे लावत बसत नाही. पण लेकरांचे आजारपण आणि गरिबाची खोली हा विषय आपल्या चळवळीला परका नाही, एवढे नक्की.

या वर्षावासात प्रत्येक विहाराने एक संध्याकाळ घरांसाठी द्यावी असे आम्ही सुचवतो. ग्रंथवाचन झाल्यावर अर्धा तास. गल्लीतल्या किती घरांत पायऱ्या उतरून जावे लागते ते मोजा. प्रत्येक घराचा उंबरा रस्त्यापासून किती इंच खाली आहे ते टेपने मोजून वहीत लिहा, कोणत्या घरात दम्याचा माणूस किंवा पाच वर्षांखालचे लेकरू आहे ते शेजारी लिहा. पनवेलला द्यायच्या अर्जाला हेच कागद जोडायचे. बऱ्याच विहारांच्या मागच्या भिंतीलाही लोणा लागलेला आम्ही पाहिला आहे. तिथे माती हटवायला आणि पन्हळ लावायला रविवारी सकाळी आठ-दहा तरुण आले तर ते काम दुपारपर्यंत होते. ते कसे करायचे हे वस्तीतल्या बायकांना त्याच वेळी शेजारी उभे राहून बघता येईल, आणि पुढच्या रविवारी ज्या घरात सगळ्यात लहान लेकरू आहे त्या घराची भिंत घेता येईल.